हरवलेल्या पॅकेटांचा माग

जून महिन्यात फोंड्यातील एका संस्थेच्या सर्व्हरबद्दल माझ्याकडे तक्रार आली: तासन्‌तास सारे सुरळीत चालते आणि मध्येच काही क्षण काहीच उघडत नाही. तपासायला बसावे, तोवर दोष नाहीसा झालेला असे. पूर्ण तुटलेली तार लगेच सापडते. अधूनमधून पॅकेटे गाळणारी तार मात्र तपासणाऱ्याचा अंत पाहते.

नेटवर्कवर माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांनी जाते आणि इथरनेटवर असा तुकडा सहसा १५०० बाइटपर्यंत असतो. एखादे पॅकेट हरवले की टीसीपी, म्हणजे पॅकेटे पोचली की नाही हे पाहणारी नियमावली, ते पुन्हा पाठवते, शिवाय वाटेत गर्दी झाली असावी असे मानून पाठवण्याचा वेगही घटवते. या सावधगिरीमागे इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून अवघ्या ४०० यार्डांवरचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर कोसळला, आणि त्या घसरणीच्या अभ्यासातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये गर्दी आवरण्याची रीत मांडली. अडचण अशी की दोष तारेत असला तरी टीसीपी त्याला गर्दीच समजते. पॅकेट जाऊन त्याची पोच परत येण्याच्या एका फेरीला ४० मिलिसेकंद लागत असतील आणि शंभरातले एकच पॅकेट हरवत असेल, तरी जुन्या पद्धतीच्या टीसीपीची एक जोडणी सेकंदाला साडेतीन मेगाबिटांच्या आसपास अडकून राहते, मग लाइन कितीही मोठी असो.

पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहणारे साधन म्हणजे पिंग. लिनक्सवरचे नेहमीचे पिंग सेकंदाला एकच छोटे पॅकेट पाठवते. क्षणभराची गळती त्याच्या दोन ठोक्यांमधून निसटते, आणि तारेवर बिट बिघडत असतील तर पूर्ण आकाराच्या पॅकेटाला त्याच्या जवळजवळ पंधरापट धोका असतो. म्हणून मी १४७२ बाइटांचे पिंग सेकंदाला पाच या गतीने दिवसभर चालू ठेवले आणि प्रत्येक उत्तराची वेळ नोंदवली. दिवसाची सरासरी टक्केवारी येथे फसवते. गळती नेमकी केव्हा झाली, हाच खरा धागा असतो.

वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणाऱ्या एमटीआर या साधनात मधल्या एका राउटरवर मोठी गळती दिसत होती, पण त्याच्या पुढच्या टप्प्यांवर ती नव्हती. राउटर अशा चौकशीला सवडीने उत्तर देतात, म्हणून शेवटच्या टप्प्यापर्यंत न टिकणारी गळती खरी मानू नये. या एका चुकीपायी निर्दोष कंपन्यांकडे तक्रारी जातात.

उत्तर नेटवर्क कार्डाच्या मोजण्यांत होते. कार्डाची माहिती देणारे इथटूल हे साधन दाखवते ते आकडे मी दर मिनिटाला लिहून ठेवले. पॅकेटे उचलायला सर्व्हर कमी पडला असता तर बफर, म्हणजे पॅकेटे तात्पुरती ठेवण्याची जागा, भरल्याची मोजणी वाढली असती; येथे वाढत होत्या सीआरसी या पडताळणीच्या चुका, म्हणजे पॅकेटे वाटेत बिघडत होती. त्या वाढीच्या वेळा पावसाच्या सरींशी जुळल्या. शेजारच्या इमारतीकडे जाणाऱ्या केबलचा एक जोड बाहेरच्या भिंतीवर होता आणि त्यात पाणी शिरत होते. तेथे फायबर टाकल्यावर मुसळधार पावसातही तो आकडा हलला नाही.

रात्रीच्या बॅकअपच्या वेळी मात्र थोडी गळती उरली, आणि तिचे कारण निराळे निघाले: सर्व्हर सेकंदाला १ गिगाबिट वेगाने ओतत होता, पुढची लाइन १०० मेगाबिटांची होती, आणि मधल्या स्विचचा बफर भरून वाहत होता.