‘अर्ज करत राहा’ हा सल्ला तपासून घ्या

म्हापशापासून काणकोणपर्यंत फिरणारा एक संदेश: ‘ब्रिटनमध्ये आश्रय नाकारला तरी पुन्हा पुन्हा अर्ज करा, परत पाठवता येत नाही.’ ज्याच्या घरचं कुणी तिकडे आहे, त्याला हे पटणं साहजिकच. अर्धं खरंही आहे: नवी कागदपत्रं देता येतात आणि ती तपासली जाईपर्यंत सहसा पाठवत नाहीत.

पण तिथल्या इमिग्रेशन नियमांतला परिच्छेद 353 पाहा. नव्या अर्जातला मजकूर आधीच्यापेक्षा लक्षणीय वेगळा हवा आणि जुन्यासकट पाहता यशाची वास्तव शक्यता हवी. नाहीतर तो नवा दावा ठरत नाही, अपिलाचा हक्कही मिळत नाही. उरतं न्यायिक पुनरावलोकन, म्हणजे तो नकार न्यायालयाकडून तपासून घेणं. त्याला आधी परवानगी लागते, ते विनाविलंब, फार तर 3 महिन्यांत मागावं लागतं. न्यायालय निर्णय कायदेशीर होता का एवढंच बघतं. आश्रय स्वतः देत नाही. पुनरावलोकनाच्या नुसत्या अर्जाने रवानगी आपोआप थांबत नाही. नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एजंटाला पैसे मोजण्याआधी तेवढा एक परिच्छेद वाचाच.