अमेरिकेतली विषमता: घर, नोकरी आणि जुने सरकारी कागद

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाची चौकशी बेडरूम किती, यापासून सुरू होत नाही. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कोणतं?’ हे आधी बघितलं जातं. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर ही नावं आपल्या लोकांच्या तोंडी बसली त्यात शाळांचा वाटा मोठा. चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं महाग, आणि घरं महाग म्हणून मालमत्ता करातून शाळेकडे पैसा. हे चक्र तिथे इतकं अंगवळणी पडलंय की ते कोणी तरी बसवलं असेल, अशी शंकाही येत नाही. पण ते बसवलेलं आहे, तेही रीतसर कागदोपत्री.

मंदीच्या काळात, १९३३ साली, हप्ते थकून घरं जप्त होत होती तेव्हा रूझवेल्ट सरकारने घरकर्ज देणारी ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढली. या संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा म्हणजे उत्तम वस्ती, मग निळा, मग पिवळा, आणि तांबडा म्हणजे धोक्याची. प्रत्येक वस्तीमागे एक छापील फॉर्म भरला जायचा. त्यात घरांचं वय, बांधकाम, भाडं, रहिवाशांचा व्यवसाय असे कोणत्याही बँकेला लागतील असे रकाने होते. त्यांच्याच रांगेत ‘परदेशात जन्मलेली कुटुंबं’, ‘निग्रो’ आणि ‘शिरकाव’ हेही रकाने होते. शिरकाव कोणाचा, ते लिहायला पुढे जागा मोकळी. भिंतीला ओल आली आहे का, हे विचारावं तितक्या सहजपणे ते विचारलेलं दिसतं.

आज सगळा राग या तांबड्या नकाशांवर निघतो. मला वाटतं, तो थोडा चुकीच्या पत्त्यावर जातो. या संस्थेची बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच वाटून झाली होती. खरं नुकसान केलं ते १९३४ साली स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ने. तोवर अमेरिकेत घराची निम्मी रक्कम रोख भरावी लागे आणि कर्ज काही वर्षांतच फेडावं लागे. सरकारने हमी घेतल्यावर थोडक्या रकमेवर वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज मिळू लागलं आणि साधा कामगारही घरमालक होऊ लागला. पण हमी द्यायची कोणत्या घराला? खात्याच्या नियमपुस्तिकेत मिश्र वस्ती ही जोखीम मानली होती. घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, अशी अट खरेदीखतात घालण्याची शिफारसही तिच्यात होती.

डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ याचा एक नमुना अजून उभा आहे. १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. जागा कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून असल्यामुळे हमी मिळेना. त्याने मधोमध सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि कर्जाची वाट मोकळी झाली. सहा फुटांची भिंत कोणाला अडवणार? तिचं काम फक्त कागदावर होतं. आज तिच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात आणि एका भागावर रंगीत चित्रं काढलेली आहेत.

महायुद्ध संपायच्या आधी, १९४४ साली, परतणाऱ्या सैनिकांना घर आणि शिक्षणासाठी सवलती देणारा ‘जीआय बिल’ आला. त्याची अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कचेऱ्यांच्या हाती होती. मिसिसिपीत १९४७ च्या एका पाहणीत अशा ३,२२९ कर्जांपैकी फक्त दोन कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली आढळली. घरखरेदीतला भेदभाव कायद्याने बंद झाला तो १९६८ च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तोवर पहिल्या मालकांची घरं कितीतरी पटींनी वधारली होती. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मधल्या (म्हणजे निम्मी कुटुंबं वर, निम्मी खाली अशा) गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. निव्वळ पगारातल्या फरकाने एवढी दरी पडत नाही.

हाच पैसा मालमत्ता कराच्या वाटेने शाळेत जातो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं उदाहरण बघा. एजवूड ही मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती. १९६८ साली तिथल्या मुलांनी गळक्या, मोडक्या शाळेविरुद्ध वर्गाबाहेर पडून मोर्चा काढला, आणि पत्र्याचं काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिग्ज इतर पालकांसह कोर्टात गेले. एजवूडमध्ये मालमत्तेच्या दर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर होता, तर शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. म्हणजे गरीब जास्त दराने कर भरत होते. तरी त्यातून दर विद्यार्थ्यामागे एजवूडला २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राची मदत धरूनही ३५६ विरुद्ध ५९४. मुलांचा आळस, आईबापांची बेफिकिरी ही नेहमीची कारणं या हिशेबापुढे टिकत नाहीत.

१९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांविरुद्ध निकाल दिला: शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गूड मार्शल होते. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या न्यायालयांत चालते. न्यू जर्सीतल्या ‘अ‍ॅबट’ खटल्यांमुळे गरीब शहरांच्या शाळांना राज्याकडून भरीव पैसा मिळाला. सगळीकडे तसं झालं नाही.

शिक्षण घराला बांधलं गेलं, तसं आरोग्य नोकरीला. हे मात्र जवळजवळ अपघाताने झालं. १९४२ साली युद्धातली महागाई रोखायला पगार गोठवले. आरोग्य विमा त्या बंधनातून सुटला. माणसं टिकवायला कारखाने विमा देऊ लागले आणि १९५४ च्या कायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तिच्यावर समाजवादाचा शिक्का मारला, आणि करारात विमा मिळवलेल्या कामगार संघटनांनाही तितकीशी घाई उरली नाही. वगळले गेले ते शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, छोट्या दुकानांतले नोकर. शेतमजूर आणि घरकामगार १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातूनही वगळलेले होते.

१९६५ च्या मेडिकेअर आणि मेडिकेडने वृद्धांना आणि काही गरिबांना आधार दिला. वर्णानुसार वेगळे वॉर्ड ठेवणाऱ्या रुग्णालयांना मेडिकेअरचा पैसा नाही, एवढ्या एका अटीवर दक्षिणेतल्या बहुतेक रुग्णालयांतली फाळणी काही महिन्यांत मोडली. सरकारी पैशाची नुसती अट काय करू शकते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. गरिबांचं मेडिकेड मात्र बरंचसं राज्यांच्या मर्जीवर राहिलं. २०१० च्या ओबामा कायद्याने ते सर्वत्र वाढवायचं ठरवलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांसाठी ऐच्छिक केलं, आणि टेक्सास, फ्लोरिडासह दहा राज्यांनी अजून ते स्वीकारलेलं नाही. शिकागोत तळ्याकाठच्या श्रीमंत स्ट्रीटरव्हिलचं सरासरी आयुर्मान सुमारे ९० वर्षं आणि त्याच शहराच्या दक्षिण भागातल्या एंगलवूडचं सुमारे ६०, असं न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१९ मध्ये मोजलं होतं.

२०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने मेडिकेडवरचा खर्च आणखी आवळला आहे. विस्तारातून विमा मिळालेल्या बहुतेक सुदृढ प्रौढांना २०२७ पासून महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल.