कॉन्फिग फाइल वाचणं (मायक्रोकंट्रोलर प्रोग्रामिंग)

वायफायचं नाव, पासवर्ड, किती मिनिटांनी रीडिंग घ्यायचं, टाकीतलं पाणी कुठे उतरलं की पंप चालू करायचा, असल्या जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्राममध्ये न लिहिता एका वेगळ्या साध्या फाइलमध्ये ठेवायच्या आणि मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड (एका चिपवरचा छोटा कॉम्प्युटर) चालू झाला की आधी ती फाइल वाचून घ्यायची, याला कॉन्फिग फाइल वाचणं म्हणतात. फायदा एकच पण फार मोठा आहे. गच्चीवरच्या, बोर्ड बसवलेल्या डब्यातला एक आकडा बदलायला लॅपटॉप आणि केबल घेऊन शिडी चढावी लागत नाही, मेमरी कार्ड काढलं, नोटपॅडमध्ये आकडा बदलला, परत लावलं की झालं. दहा ठिकाणी दहा डबे असतील तरी प्रोग्राम सगळ्यांत तोच राहतो, फक्त फाइल वेगळी.

कॉम्प्युटरवर फाइल उघडणं ही दोन ओळींची गोष्ट आहे कारण खालचं सगळं ऑपरेटिंग सिस्टिम करते. अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम ठेवायची जागा), २ केबी रॅम (चालू कामाची जागा) आणि १ केबी ईईप्रॉम (लाइट गेली तरी टिकणारी छोटी मेमरी), बस, फाइल नावाची गोष्टच तिथे नाही. म्हणून एसडी कार्डचं मॉड्यूल लावतात आणि लायब्ररी म्हणजे तयार कोड घेतात, आणि ती लायब्ररी कार्डाचा एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट रॅममध्ये धरून ठेवते, म्हणजे पाव रॅम तिथेच गेली. शिवाय अर्डुइनोच्या नेहमीच्या एसडी लायब्ररीला फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरं आणि एक्स्टेन्शन म्हणजे टिंबानंतरचा भाग तीन अक्षरं एवढंच समजतं. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नवीन माणूस नावापुढे पुन्हा टीएक्सटी लिहितो, कार्डावर फाइल वेगळ्याच नावाने बसते, बोर्ड म्हणतो फाइल नाही आणि माणूस म्हणतो ही काय समोर दिसतेय. अशा वेळी कार्डावरच्या सगळ्या फाइलींची यादी सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने केबलवरून पाठवलेला मजकूर दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) छापून बघायची, दोन मिनिटांत कळतं.

ईएसपी ३२ आणि ईएसपी ८२६६ या वायफायवाल्या चिपच्या बोर्डांवर कार्डाची गरज नाही, बोर्डावरच्या फ्लॅशचाच एक भाग फाइल सिस्टिमला देता येतो. आधी त्यासाठी स्पिफ्स नावाची फाइल सिस्टिम वापरायचे, त्यात खरे फोल्डर नव्हते. आता नवीन काम लिटलएफएस या फाइल सिस्टिमवर करावं, कारण लिहिता लिहिता लाइट गेली तरी जुनं शाबूत राहील अशीच त्याची रचना आहे. रास्पबेरी पाय पिकोवर (२०२१, रॅम २६४ केबी) मायक्रोपायथन (छोट्या चिपसाठीचं पायथन) टाकलं की जेसॉन फाइल, म्हणजे कंस, अवतरणं आणि कॉमे वापरून माहिती लिहिलेली फाइल, तीन ओळींत वाचून होते. सर्किटपायथन या त्याच्याच भावंडामध्ये तर बोर्ड यूएसबीला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि आठव्या आवृत्तीपासून सेटिंग्ज डॉट टॉमल या ठरलेल्या फाइलमधून वायफायचं नाव वगैरे घेता येतं.

फाइल कशी लिहायची यावर मतं वेगळी आहेत. जेसॉन नीटनेटकं असतं, अर्डुइनोजेसॉन ही चांगली लायब्ररीही आहे, पण जेसॉनमध्ये कॉमेंट म्हणजे वाचणाऱ्यासाठीची टीप लिहिता येत नाही आणि एक कॉमा चुकला की अख्खी फाइल नापास. जी फाइल माणूस हाताने बदलणार आहे, तीही मोबाइलवर घाईघाईत, तिच्यासाठी एका ओळीवर एक नाव, बरोबरचं चिन्ह (=) आणि किंमत म्हणजे त्या सेटिंगचं मूल्य, हीच साधी पद्धत बरी असं माझं मत आहे, कारण एक ओळ चुकली तर तेवढीच ओळ जाते.

वाचायची रीत सरळ आहे. ८०-१०० बाइटचा ठरावीक अ‍ॅरे म्हणजे रॅममधली सलग जागा घ्यायची, एकेक ओळ त्यात आणायची, रिकामी ओळ आणि हॅशने (#) सुरू होणारी म्हणजे कॉमेंटची ओळ सोडायची, बरोबरच्या चिन्हाशी तोडायची, दोन्ही बाजूंच्या स्पेस छाटायच्या, नाव ओळखीचं असेल तर किंमत घ्यायची. तोडायचं ते पहिल्याच बरोबरच्या चिन्हाशी, कारण पासवर्डमध्ये तेच चिन्ह असू शकतं, आणि त्याच कारणाने हॅश ओळीच्या मधे आला तर त्याला कॉमेंट समजायचं नाही. ओळ एंटर आल्यावरच संपते असं धरलं तर शेवटची ओळ हरवते, कारण शेवटी एंटर मारलेलं नसतं बऱ्याचदा. उनोसारख्या छोट्या चिपवर सारखे स्ट्रिंग ऑब्जेक्ट (मजकूर ठेवणारे, लागेल तशी रॅम घेणारे) जोडत बसू नये, रॅमचे तुकडे तुकडे होतात आणि दोन दिवसांनी बोर्ड अचानक अडकतो.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. आपण लाइन फीडपाशी तोडतो आणि कॅरेज रिटर्न मागे चिकटून राहतं. मी एका टाकीच्या डब्यावर यात पूर्ण संध्याकाळ घालवली, वायफायचं नाव स्क्रीनवर बरोब्बर दिसत होतं, पासवर्ड बरोबर, राउटर शेजारी, आणि कनेक्ट काही होईना. शेवटी नावाची लांबी छापली तर आठ अक्षरांच्या नावाची लांबी नऊ आली. तेव्हापासून किंमत छापताना तिची लांबीपण छापतो. असंच सुरुवातीलाही होतं, काही एडिटर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) फाइलच्या डोक्यावर बॉम नावाचे तीन अदृश्य बाइट टाकतात आणि पहिल्याच ओळीचं नाव जुळत नाही, बाकी सगळ्या ओळी चालतात.

मराठी कीबोर्डचीपण एक गंमत लक्षात ठेवायला हवी. कुणी मिनिटांच्या जागी ५ असा देवनागरी आकडा लिहिला तर सी भाषेच्या आकडा वाचणाऱ्या फंक्शनला तो आकडाच वाटत नाही, ते शून्य देतं. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, मात्रासुद्धा वेगळी तीन बाइट, म्हणजे ‘पाणीटाकी’ हे नाव २४ बाइटचं झालं, आणि वायफायच्या नावाला एकूण ३२ बाइटच मिळतात. त्या नावासाठी अ‍ॅरे ३३ चा घ्यावा, सी भाषेत मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी असणाऱ्या शून्य बाइटसकट.

आकडा वाचता न आल्यावर मिळणारं ते शून्य फार धोक्याचं. एटूआय (atoi) हे सी भाषेचं आकडा वाचणारं फंक्शन काही वाचता आलं नाही तरी शून्यच देतं, खरोखर शून्य लिहिलं तरी शून्यच, आणि रीडिंगमधलं अंतर शून्य मिनिटं झालं की डबा न थांबता डेटा पाठवत सुटतो. त्याऐवजी एसटीआरटूएल (strtol) हे फंक्शन वापरलं तर वाचणं कुठे थांबलं ते कळतं, म्हणून ते घ्यावं, बेस (आकडे कितीच्या पटीत मोजायचे ते) मात्र १० च द्यावा, शून्य दिला तर ०१० चे आठ होतात. आकडा मिळाला की मर्यादेत आहे का बघायचं, म्हणजे मिनिटं १ ते १४४० मध्येच. फाइल नसली, कार्ड निघालं, ओळ बिघडली, काहीही झालं तरी प्रत्येक सेटिंगची डिफॉल्ट किंमत कोडमध्ये हवीच आणि पंप सुरक्षित बाजूला म्हणजे बंद राहायला हवा. कुठली ओळ नाकारली तिचा नंबर सिरीयलवर, आणि जिथे लॅपटॉप नाही तिथे एलईडीच्या ठरावीक लुकलुकीतून सांगायचं.

बोर्डाने स्वतः फाइल बदलायची असेल तर आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मग नाव बदलावं. किंमत खरंच बदलली असेल तरच लिहावं, कारण फ्लॅश साधारण ४ केबीच्या सेक्टरमध्ये पुसली जाते आणि एक सेक्टर साधारण लाखभर वेळाच पुसता येतो. बोर्डानेच जपायचे छोटे आकडे, उदाहरणार्थ पंप किती वेळा चालला, ते ईएसपी ३२ वर एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमध्ये नाव आणि किंमत अशा जोड्या ठेवायची सोय) ठेवणं सोयीचं, तिथे नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं चालतं.

कार्डावरचा पासवर्ड कुणीही कार्ड काढून वाचू शकतं, त्यामुळे डबा रस्त्यालगत असेल तर त्याच्यासाठी वायफायचं वेगळं गेस्ट नेटवर्क द्यावं. सुरू होताना वाचलेली सगळी सेटिंग सिरीयलवर छापायची सवय चांगली, फक्त पासवर्डच्या जागी त्याची लांबी छापायची.