नर्सचं संसर्गापासून बचावाचं प्रशिक्षण: यादीतून नाव कुठे गळतं

इंदूरच्या खासगी रुग्णालयांतल्या आपल्या मुली दर उन्हाळ्यात तेच विचारतात: प्रशिक्षण घेतलं, मग रुग्णालयाच्या प्रशिक्षितांच्या यादीत नाव का नाही?

जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला नोकरीवर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणं, शिवाय हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाचं काम आहे. ‘प्रत्येकाला’ म्हणजे ठेक्यावरच्या सिस्टर आणि आयासुद्धा. ‘तुम्ही एजन्सीच्या’ एवढं ऐकून परत फिरू नका.

खरा घोळ तारखेचा. वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे जातो, पण त्यात हिशेब असतो मागच्या जानेवारी ते डिसेंबरचा. एप्रिल-मार्चमध्ये मुरलेल्या बाबूंना हे कितीदा सांगायचं! यंदाच्या फेब्रुवारीतलं प्रशिक्षण पुढल्या वर्षीच्या जूनच्या अहवालात धरलं जातं.

दुसरं, हेपेटायटिस बीच्या लसीचं कार्ड, जे कुणाकडेच नसतं. कॉलेजात घेतलेल्या डोसांचं कार्ड माहेरच्या ट्रंकेत हरवलेलं. आधी कॉलेजच्या रजिस्टरातली नोंद मागा. लेखी नोंद नसेल तर नुसत्या अँटिबॉडीच्या तपासणीवर भागत नाही, डॉक्टर पुन्हा तीन डोस सांगू शकतात: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासणी, अँटिबॉडीचा आकडा १० (mIU/mL) किंवा वर हवा. म्हणजे सात-आठ महिने गेलेच. नोव्हेंबरात जागं होऊन उपयोग नाही.

बाकी कागद म्हणजे नेमणूकपत्र, आधार, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. नोंदणीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा; लग्नपत्रिका चालत नाही, आणून बघितलेली आहे. जळगाव-नागपूरहून सून होऊन आलेल्यांनी मध्य प्रदेशची नोंदणी आधी करावी, जुन्या कौन्सिलच्या ना-हरकतीसह.

आणि पोहे-जलेबी खाऊन हजेरीपटावर सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे. दूषित हातमोजे, गाऊन आणि मास्क कोणत्या क्रमाने उतरवायचे ते स्वतः करून बघा. संसर्ग अनेकदा तिथेच गाठतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. तरी टोचलीच, तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जमल्यास दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. रात्री दोनला ते कुणाच्या कपाटात असतं आणि किल्ली कुणाकडे, हे प्रशिक्षणाच्याच दिवशी विचारून घ्या.