भंगारातलं तांबं

भंगारात गेलेल्या गाडीचे यंत्रात तुकडे करतात आणि चुंबकाने त्यातलं लोखंड वेगळं काढतात. इथवर सगळं सोपं वाटतं. पण काच खाली-वर करणाऱ्या छोट्याशा मोटरमध्ये तांब्याची तार लोखंडी गाभ्यालाच गुंडाळलेली असते. चुंबक लोखंड उचलतं, आणि तांबंही त्याच्याबरोबर भट्टीत जातं.

भट्टीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम यांचं ऑक्साइड होऊन ते मळीत निघून जातं. तांबं जात नाही, कारण ऑक्सिजनची ओढ त्याच्यापेक्षा लोखंडाला जास्त. पुढे हे पोलाद तापवून लाटताना वरच्या थरातल्या लोखंडाचं ऑक्साइड होऊन त्याचा पापुद्रा बनतो. तांबं त्याखाली साचतं, १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, कणांच्या फटींत झिरपतं आणि पोलादाला भेगा पडतात. गाडीच्या पत्र्यात ०.०६ टक्क्यांच्या आसपासच तांबं चालतं. बांधकामाच्या सळईत ०.४ टक्क्यांपर्यंत खपून जातं. म्हणून गाडीच्या भंगाराची बहुधा सळई होते. चक्र फिरतं खरं, पण एक पायरी खाली उतरून.

चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वापरलेला माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणण्याची पद्धत, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुनर्वापराचा कारखाना येतो. माझ्या मते निकाल त्याच्या फार आधी, वस्तूचा आराखडा काढतानाच लागलेला असतो. तीच मोटर दोन स्क्रू काढून सुटत असेल, तर तांबं पोलादात मिसळणारच नाही. एकदा मिसळलं की ते परत वेगळं करणं परवडत नाही.

दुसरी अडचण परतीच्या वाटेची. नवा माल ठरल्या वाटेने लाखो ठिकाणी पोहोचतो. जुना कधी, कुठून, कोणत्या अवस्थेत येईल याचा अंदाज नसतो. शिसं-आम्लाच्या बॅटरीने हा प्रश्न फार चांगला सोडवला आहे. जुनी दिली की नवीवर सूट मिळते, त्यामुळे जुनी बॅटरी आपणहून दुकानात परत येते. आतला मालही मोजकाच. आम्ल काढून, चुरा करून पाण्यात टाकला की प्लास्टिक तरंगतं, शिसं तळाशी बसतं.

लिथियम-आयन बॅटरीचं तसं नाही. आत निकेल-कोबाल्ट आहे की लोह-फॉस्फेट, हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि दोन्हींवरची प्रक्रिया वेगळी. युरोपीय संघाने विजेवरच्या वाहनांच्या बॅटऱ्यांना फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट, म्हणजे प्रत्येक बॅटरीची संगणकीय माहिती-नोंद, सक्तीचा केला आहे, तो मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. क्यूआर कोड स्कॅन केला की पेटी न उघडता आतली रसायनं कळतील, आणि बॅटरी कुठल्या कारखान्याकडे पाठवायची हे गोदामातच ठरवता येईल.