गुरुजींचा घसा आणि सरबताची नळी

गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाचव्या दिवसावर आला की निम्म्या टाळकऱ्यांचे आवाज बसलेले असतात. मग गालात ज्येष्ठमध, हातात गरम पाण्याचा तांब्या. काल्यानंतर दोन-चार दिवसांत बहुतेकांचा आवाज सुटतो. झेडपीच्या गुरुजींचं तसं नाही. त्यांचा सप्ताह जूनला बसतो तो एप्रिलपर्यंत.

गंमत म्हणजे गिळलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतही नाही. ते अन्ननलिकेत जातं, आणि स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. पाण्याचा फायदा होतो, पण अंगात मुरल्यावर. बोलताना हे तंतू पुरुषांत सेकंदाला १००-१२५ वेळा, बायकांत २००च्या आसपास एकमेकांवर आदळतात. पोरांच्या गलक्यावरून रोज ओरडलं की कुदळ धरणाऱ्या हाताला पडावेत तसे तिथं घट्टे येतात.

यावर आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: पाणी प्या, ओरडू नका, खाकरू नका. सल्ला खरा आहे, पण अपुरा. अमेरिकेत २००१ साली आवाज बिघडलेल्या ५८ शिक्षकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना फक्त अशी पथ्यं सांगितली, काहींकडून सहा आठवडे आवाजाचे व्यायाम करून घेतले. ठळक फरक पडला तो व्यायामवाल्यांना. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पथ्यांपेक्षा गळ्यात अडकवायचा छोटा माइक सरस ठरला. मला तर हा माइक खडूइतकाच शाळेच्या सामानात धरावासा वाटतो.

व्यायामांत सगळ्यात मजेशीर नळीचा. सरबताची नळी ओठांत धरून तिच्यातून ‘ऊऽऽ’ काढायचा, हवं तर टोक पाण्यात बुडवून बुडबुडे काढत. वाट अरुंद झाल्यानं हवेचा दाब मागे घशात साचतो, तंतू किंचित विलग राहतात आणि आदळआपट कमी होऊनही आवाज निघतो. ओठ मिटून गुणगुणण्यातही बऱ्याच अंशी हेच घडतं.

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाचा प्रश्न उलटा. त्याचा आवाज खोल गेलेला असतो आणि त्याला ते जाणवत नाही. त्याला मुद्दाम मोठ्यानं बोलायला शिकवतात: आठवड्यात चार दिवस, रोज तासभर, चार आठवडे. गुरुजींना हा उपचार दिला तर घट्टे वाढतील.

म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहून घ्यायचं. घोगरेपणा चार आठवडे टिकला तर नक्कीच. तंबाखू चालू असेल तर तेवढीही वाट पाहायची नाही.