तीन सर्व्हरची रॅम तीन सर्व्हरची नसते

पावसाळ्यात सांगलीचं सगळं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. सर्व्हरच्या मेमरीलाही अशा पातळ्या असतात. तिथे पाणी चढत नाही, मोकळी रॅम उतरत जाते. आणि भोंगा फार उशिरा वाजतो.

समजा, मार्केट यार्डाजवळच्या एका पतसंस्थेकडे 256 जीबी रॅमचे तीन सर्व्हर एका क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांना सांभाळणाऱ्या गटात आहेत. बेरीज 768 जीबी. ही बेरीज कोटेशनवर शोभते. क्लस्टर घ्यायचा तोच यासाठी की एक सर्व्हर पडला तर त्यावरची व्हर्च्युअल मशीन्स (सर्व्हरच्या आत चालणारे सॉफ्टवेअरचे संगणक) उरलेल्या दोघांवर उठावीत. म्हणून हिशेब दोघांचाच धरायचा. प्रत्येकी 16 जीबी हायपरव्हायझर (ही मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) आणि वरखर्चासाठी बाजूला काढा. उरले 240 दुणे 480. ते तिघांवर वाटले की रोजच्या दिवशी एकावर 160 जीबीपेक्षा जास्त भार नको.

एवढं पाळूनही फसगत होते. एक सर्व्हर पडला, उरलेल्या दोघांवर 80-80 जीबी मोकळी. पडलेल्यावर डेटाबेसचं 96 जीबीचं मशीन होतं, सगळी रॅम राखीव, म्हणजे दुसऱ्या कुणाला न देता येणारी. एकूण 160 जीबी मोकळी असून ते कुठेच उठत नाही, कारण एका मशीनची रॅम दोन सर्व्हरमध्ये वाटता येत नाही. एखादं 16 जीबीचं मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर चालतं-बोलतं सरकवलं की 96 ची जागा होते. व्हीएमवेअरमध्ये डीआरएस (मशीन्स सर्व्हरांवर वाटणारी सोय) चालू असेल तर ते काम आपोआप होऊ शकतं. त्यापेक्षा सगळ्यात मोठं मशीनच 80 च्या आत बसवलेलं बरं.

आता त्या पातळ्या. ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरमध्ये किमान मोकळ्या रॅमची एक रेषा ठरते: पहिल्या 28 जीबीसाठी 899 एमबी, पुढच्या रॅमचा 1 टक्का. आपल्या 256 जीबीच्या सर्व्हरला ती साधारण 3.2 जीबीवर येते. मोकळी रॅम या रेषेच्या 64 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 2 जीबीवर उतरली की बलूनिंग, म्हणजे मशीन्सकडून रॅम परत मागणं, सुरू होतं. 32 टक्क्यांवर, म्हणजे जेमतेम 1 जीबीवर आली की पानं (रॅमचे छोटे तुकडे) आक्रसणं आणि डिस्कवर टाकणं. 256 पैकी 2 उरेपर्यंत थांबायचं, हे आपल्याला तरी परवडणारं नाही. स्वतःची इशारा पातळी 85 टक्के वापरावर लावा.

बलूनिंगची युक्ती मात्र हुशारीची आहे. कुठलं पान महत्त्वाचं हे हायपरव्हायझरला बाहेरून कळत नाही. म्हणून मशीनच्या आत बसवलेला एक ड्रायव्हर रॅम मागत फुगत जातो. काय सोडायचं ते आतली ऑपरेटिंग सिस्टिमच ठरवते आणि रिकामी झालेली पानं बाहेर मिळतात. व्हीएमवेअर टूल्सबरोबर येणारा हा ड्रायव्हर आत नसेल तर फुगाच नाही. मग हायपरव्हायझर पानं आंधळेपणाने डिस्कवर फेकतो. रॅम सुमारे 100 नॅनोसेकंदात उत्तर देते, एसएसडीला त्याच्या हजारपट वेळ लागतो, फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. काउंटरवरच्या माणसाला ‘सर्व्हर हँग’ दिसतो तो हाच.

डेटाबेस आणि जावा यांना फुगा मानवत नाही. जावाचा गार्बेज कलेक्टर (नको असलेला डेटा साफ करणारा भाग) सगळा हीप, म्हणजे जावाने घेतलेली रॅम, चाळतो, त्यामुळे बाहेर गेलेली पानं पुन्हा आत ओढली जातात. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस तर मर्यादा घातली नाही तर मिळेल तेवढी रॅम धरून बसतो. 64 जीबीच्या मशीनवर त्याला 54 च्या आसपास मर्यादा घाला आणि मशीनची सगळी 64 राखीव करा. राखीव रॅम मोजक्याच मशीन्सना द्या. सगळ्यांना दिलीत तर एक सर्व्हर पडल्यावर काही मशीन्स उठणार नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरच्या डायनॅमिक मेमरीत (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी रॅम) किमान आकडा कितीही कमी ठेवा, बंद मशीन सुरू होताना स्टार्टअप रॅम पूर्ण मोकळी लागतेच. प्रॉक्समॉक्स या आणखी एका हायपरव्हायझरमध्ये सर्व्हरच्या रॅमचा वापर मूळ सेटिंगप्रमाणे 80 टक्क्यांच्या पुढे गेला की फुगा हलतो, तोही मशीनला किमान आणि कमाल असे दोन वेगळे आकडे दिलेत तरच. डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमवर असेल तर त्याची कॅशही त्याच रॅममधून जाते.

आकडे कागदावर जुळले की रविवारी, बॅकअप झाल्यावर, एका सर्व्हरची विजेची वायर खरोखर काढा. पाचेक मिनिटांनी यादी बघा: कुठली मशीन्स उठली नाहीत, उठलेल्यांपैकी कुणाचा स्वॅप-इन (डिस्कवरून पानं परत आणण्याचा आकडा) शून्याच्या वर आहे. मग वायर लावा आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या सर्व्हरची काढा, कारण मोठं मशीन तिकडे असू शकतं.